अठ्ठ्याहत्तर दिवसांची हजेरी

आजारपणात किंवा बाळंतपणात कामावर न जाता जो पैसा हाती येतो, तो भारतात तीन वाटांनी येतो: विमा महामंडळाकडून, मालकाच्या खिशातून किंवा सरकारी योजनेतून. कोणती वाट कोणाला मोकळी आहे हे दुखण्यावरून ठरत नाही. माणूस कुठे काम करतो, तिथे एकूण माणसे किती, पगार किती आणि गेल्या काही महिन्यांत त्याची हजेरी किती दिवस लागली, यावर ते ठरते. तापाचे निदान डॉक्टर करतो. पात्रतेचे निदान मस्टर करते. मालवणच्या किनाऱ्यावर कामाचे वर्ष समुद्र आणि पाऊस आखून देतात. त्यामुळे इथे हा हिशेब गिरणीत किंवा मोठ्या कारखान्यात अडत नाही अशा जागी अडतो.

कायदा मुळात गिरणीसाठीच लिहिला गेला. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, तो देशातला पहिला. त्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा, आणि सरकार उचलत नाही तोवर मालकालाही त्यातून सुटका नाही, असा त्यांचा रोख होता. भार कोणाचा, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि आजच्या तिन्ही वाटा त्याच वादाची तीन उत्तरे आहेत. पुढे प्रा. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम १९४३ मध्ये सोपवले गेले. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. मालवण, वेंगुर्ले, देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. या भागातल्या असंख्य घरांना ‘ईएसआय’ हा शब्द परळ-लालबागच्या चाळींतून कळला. गिरणीत असलेला चाकरमानी आजारी पडला की गावी येई आणि त्याचा भत्ता मुंबईत मोजला जाई. गावातल्या गावात कामाला असलेल्यांचा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

विम्याच्या वाटेवरचे पहिले फाटक आस्थापनेचे आहे. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील, तर कारखाना कायद्याच्या कक्षेत येतो. २०१०च्या दुरुस्तीपूर्वी विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहाची आणि विजेविना चालणाऱ्याला वीसची अट होती. तो फरक गेला. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने जुने विमा व प्रसूती कायदे पोटात घेतले आणि दहाचा आकडा सर्व प्रकारच्या आस्थापनांसाठी धरला. दहांपेक्षा कमी माणसे असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार मिळून स्वेच्छेने आत येऊ शकतात. खाली येणारे दिवसांचे आणि टक्क्यांचे हिशेब मात्र जुन्या नियमांतून चालत आलेले आहेत.

तारकर्ली-देवबागच्या वाटेवर या एका आकड्याने काय होते ते सहज दिसते. घरचीच माणसे आणि वर दोन-तीन गडी असलेली न्याहारी-निवासाची घरे दहाच्या खाली राहतात. मोठे हॉटेल दहाच्या वर जाते. मधल्या आकाराची खाणावळ मे महिन्यात बारा माणसांची असते आणि जुलैत चारांची. कायद्याने इथे एक शहाणपणा केलेला आहे: आस्थापना एकदा कक्षेत आली की माणसे नंतर कमी झाली म्हणून ती बाहेर पडत नाही. ‘आता आमच्याकडे दहा जण कुठे आहेत?’ हा पावसाळ्यातला युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. गाडीतळावर उभा असलेला पोरगा किंवा ठेकेदारामार्फत आलेला आचारी मोजायचा की नाही, यावरही वाद होतो. हैदराबादच्या रॉयल टॉकीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो प्रश्न पुरता सोडवला. चित्रपटगृहातले कँटीन आणि सायकल-तळ ठेकेदार चालवत असला तरी तिथली माणसे चित्रपटगृहाच्याच कामाची, म्हणून विम्याच्या कक्षेतली, असे न्यायालयाने म्हटले.

काजूच्या बाबतीत कायद्याची एक गंमत आहे. हंगामी कारखान्यांना योजनेतून वगळण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती आणि त्यांची यादी तिथेच दिलेली होती: सरकी काढणे, कापूस व तागाच्या गाठी दाबणे, शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा. शेंगदाणा यादीत आहे, काजू नाही. वेंगुर्ले-सावंतवाडीच्या पट्ट्यात काजू बी फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत येते, म्हणून बोलताना सगळेच काजूला ‘सीझनचा धंदा’ म्हणतात. पण बी साठवून, बाहेरून आणून कारखाना वर्षभर चालवता येतो, आणि कायद्याच्या नजरेत तो हंगामी नाही. दहा माणसांचा काजू कारखाना हा पुरा कारखाना आहे.

दुसरे फाटक पगाराचे. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार विम्यात येतो. अपंग व्यक्तीसाठी ही मर्यादा २५,००० आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक कामगारांना हे फाटक अडवत नाही. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. रोज सरासरी १७६ रुपयांपर्यंत मिळवणाऱ्याला स्वतःचा वाटा माफ आहे, मालकाचा मात्र भरावाच लागतो. समजा एखाद्या बाईला रोज ४०० रुपये पडतात आणि महिन्याला २६ दिवस काम मिळते. पगार झाला १०,४००. तिच्याकडून कापले जातात ७८ रुपये, मालक भरतो ३३८. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत दोन्ही रकमा जमा व्हायच्या असतात. ‘ईएसआय कापतात का?’ हा कामगारांमधला नेहमीचा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. कापलेले भरतात का आणि किती दिवसांचे भरतात, हा उरलेला अर्धा.

दिवस हे या योजनेचे खरे नाणे आहे. वर्षाचे दोन वर्गणीकाळ केलेले आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येकाला जोडलेला एक लाभकाळ आहे आणि तो तीन महिन्यांनी मागून येतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी-जूनमधले आजारपण भागते. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै-डिसेंबरमधले. आजारपणाचा भत्ता मिळायला संबंधित वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ७८ हा आकडा आठवड्याला सहा दिवस धरून सहा महिन्यांच्या १५६ दिवसांचा निम्मा आहे. वर्षभर यंत्र फिरत असलेल्या कारखान्यात ही अट सौम्य आहे. अर्धा काळ गैरहजर राहिलेला माणूससुद्धा तीत बसतो.

मालवणात तीच अट मेच्या शेवटाला जाऊन अडकते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, पाण्यातले खेळ, स्कूबा हे सगळे मेअखेर थांबते आणि ऑगस्ट सरल्यावर सुरू होते. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पर्यटकच नाही म्हटल्यावर हॉटेलवाला अर्धी माणसे घरी पाठवतो. रोजावर असलेल्या वाढप्याचा एप्रिल-सप्टेंबरचा हिशेब मांडून पाहावा: एप्रिलचे २६, मेचे २६, झाले ५२. सप्टेंबरात हॉटेल पहिल्या तारखेला उघडले आणि एकही दिवस चुकला नाही, तर आणखी २६. बेरीज बरोबर ७८. पण सप्टेंबरात बहुधा चतुर्थी येते. कोकणात गणपतीला माणूस कामावर राहत नाही, मुंबईचा नोकरदार जिथे गावी येतो तिथे गावातलाच वाढपी कसा राहील? पाच किंवा सात दिवसांची ती सुट्टी बिनपगारी असेल, तर ७८ भरत नाहीत आणि पुढच्या जानेवारीपासून जूनपर्यंतचा आजारपणाचा भत्ता गेला. पगारी सुट्टी असेल तर ते दिवस मोजले जातात. महिन्याच्या पगारावर असलेल्याचे रविवारही धरले जातात, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच त्याचे ६१ होतात आणि सप्टेंबरातले सतरा दिवस त्याला पुरतात. काम तेच, पगारही जवळपास तोच. रोज आणि महिना या दोन शब्दांनी एक पात्र ठरतो, दुसरा नाही.

दुसऱ्या सहामाहीत सगळे उलटे होते. ऑक्टोबर ते मार्च हा किनाऱ्याचा भरगच्च काळ. दिवाळी, नाताळ, शिमगा. त्यात दीडशेच्या आसपास दिवस भरतात आणि त्यांच्या जोरावर पुढचा जुलै ते डिसेंबर सुरक्षित होतो. म्हणजे हॉटेल बंद असताना, शेतात लावणीला गेलेल्या त्याच वाढप्याला ऑगस्टात लेप्टो झाला तर तो भत्त्याला पात्र आहे, कारण नोकरीत खंड पडला तरी कमावलेला हक्क त्या लाभकाळापुरता टिकतो. मार्चमध्ये, ऐन कामाच्या दिवसांत, ताप आला तर कदाचित नाही. जिल्ह्याच्या दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडताप आहे आणि तो जानेवारी ते मे या काजूच्या दिवसांत डोके वर काढतो. कानपूरच्या गिरण्यांचे कॅलेंडर डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या चौकटीत या दोन तापांना असे वेगवेगळे वागवले जाईल, हे १९४८ साली कोणी योजले नव्हते. पण ते बदलायला कोणी हातही लावलेला नाही.

काजू कारखान्यात दिवसांची अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे बी आधी वाफेवर उकडतात, सुकवतात आणि हातापायांनी चालवायच्या कटरवर एकेक करून फोडतात. टरफलातला चीक कातडी जाळतो. हाताला तेल किंवा राख लावून बायका काम करतात, तरी बोटे काळी पडतातच. गर भट्टीत तापवून त्याची साल काढायची आणि मग वर्गवारी: अख्खा, पाकळी, तुकडा, आणि अख्ख्यात पुन्हा १८०, २१०, २४०, ३२०, पौंडाला किती गर बसतात त्याचे हे आकडे. फोडणे आणि सोलणे या दोन्हींची मजुरी बहुधा किलोवर ठरते. वहीत बाईच्या नावापुढे किलो लिहिले जातात. विम्याला लागतात दिवस. कायद्याला किलोच्या मजुरीचे वावडे नाही. ज्या दिवशी तिने काम केले तो दिवस तिचा. पण किलोवर मजुरी देणाऱ्या उद्योगांत एक जुनी युक्ती आहे. महिन्याची मजुरी किमान वेतनाने भागायची आणि येईल तो आकडा ‘हजर दिवस’ म्हणून पगारपत्रकात भरायचा. बाई चोवीस दिवस आली, हात मंद म्हणून मजुरी कमी झाली, पत्रकावर सोळाच दिवस दिसले. किमान वेतनाच्या तपासणीत मालक सुटतो आणि सहा महिन्यांनी तिचा भत्ता अडतो. ही युक्ती पकडायची तर तपासनीसाने पगारपत्रक सोडून फाटकावरची हजेरी पाहायला हवी. सोललेला माल घरून आणून देणाऱ्या बाईची तर फाटकावरही नोंद नसते.

पात्रता जमली की पुढचा हिशेब तुलनेने सोपा. भत्ता सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के. वर्षाला, म्हणजे लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून, जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सोडून मोजणी होते. आधीच्या दुखण्याला पंधरा दिवस झाले नसतील तर ते दोन दिवसही सोडत नाहीत. रोज ४०० मिळवणारी बाई दहा दिवस अंथरुणाला खिळली तर आठ दिवसांचे, २८० रुपयांनी, २,२४० रुपये. अट एक: त्या दिवशी काम केलेले नसावे, पगारी रजा घेतलेली नसावी आणि माणूस संपावर नसावा. दुखणे आणि विश्रांतीची गरज या दोन्ही गोष्टी विमा योजनेच्या डॉक्टरने प्रमाणपत्रावर लिहून द्यायच्या असतात. इथे किनाऱ्याचा भूगोल आडवा येतो. मालवणचा अत्यवस्थ रोगी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जातो आणि तिथून अनेकदा थेट गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात. घाईत रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला विम्याचा डॉक्टर कुठला आठवणार? त्यासाठी नियमांत एक खिडकी ठेवलेली आहे: विम्याच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र मिळणे शक्य नव्हते असे पटले, तर दुसऱ्या रुग्णालयाची कागदपत्रे पुरावा म्हणून स्वीकारता येतात. बांबोळीचे डिस्चार्ज कार्ड म्हणूनच जपून ठेवण्याचा कागद आहे. त्यावर दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख स्पष्ट हवी, आणि घरी गेल्यावर किती दिवस विश्रांती हवी हेही लिहून घेतलेले बरे.

क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ दुखण्यांसाठी ९१ दिवसांची मर्यादा वाढते. भत्ता ८० टक्के होतो आणि तो एकूण दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्यासाठी दोन वर्षे सलग विम्याच्या नोकरीत आणि मागच्या चार वर्गणीकाळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. हंगामी कामगाराचे १५६ दिवस दोन हिवाळ्यांत सहज भरतात. ‘सलग’ हा शब्द त्याला नडतो. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण वेतन मिळते, पुरुषाला सात दिवस, बाईला चौदा.

कामावरच्या अपघाताला मात्र दिवसांची अटच नाही. कटरवर बोट गेले, मुदपाकखान्यात भाजले, तर नोकरीचा पहिला दिवस असला तरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात. असमर्थता तीन दिवसांहून कमी असू नये एवढेच. २०१०च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही यात आणला, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. सगळ्या योजनेत हा भाग सर्वांत सरळ आहे आणि याचे कारण उघड आहे: इथे माणूस किती दिवस टिकला हे विचारायला कायदा लाजला.

बाळंतपणाची अट आजारपणापेक्षा उदार आहे. लागोपाठच्या आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवस पुरतात. वर्षभराचे दोन तुकडे एकत्र मोजल्यामुळे पावसाळ्याचे भगदाड आपोआप बुजते. पहिल्या दोन हयात मुलांसाठी २६ आठवडे, त्यांतले प्रसूतीपूर्वीचे आठपेक्षा जास्त नाहीत; त्यानंतरच्या मुलासाठी १२. तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीने मूल मिळवणाऱ्या आईला १२ आठवडे, गर्भपातानंतर सहा, गरोदरपणातून उद्भवलेल्या दुखण्यासाठी आणखी एक महिना. भत्ता पूर्ण वेतनाचा. ४०० रुपये रोजाच्या बाईला १८२ दिवसांचे ७२,८०० रुपये होतात, आणि हे दिवस रविवारसह मोजले जातात.

विम्याचे छत्र नसलेल्या दहा माणसांच्या आस्थापनेत, किंवा पगार २१,०००च्या वर असेल तर, दुसरी वाट: प्रसूती लाभ कायदा १९६१, आता संहितेचा एक भाग. इथे पैसे मालक देतो. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम, ही अट. १९८८च्या दुरुस्तीपूर्वी ती दुप्पट होती. ऑक्टोबर ते मे काम केलेल्या बाईचे ८० दिवस दिवाळी-नाताळातच होऊन जातात. २०१७ साली बारा आठवड्यांचे २६ झाले. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. रोजंदारीच्या बायकांनाही हा हक्क आहे, असे दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. त्या रस्त्यावर खडी टाकत होत्या आणि कायम नव्हत्या, म्हणून पालिकेने रजा नाकारली होती. कागदावर ही वाट भक्कम आहे. व्यवहारात तिचा दोष असा, की एका बाईच्या सहा महिन्यांच्या पगाराचा बोजा एकाच मालकावर पडतो. विम्यात तोच बोजा सगळ्या मालकांमध्ये वाटला जातो. बारा माणसांचे हॉटेल चालवणारा लग्नाच्या वयाच्या मुलीला कामावर घेताना कचरतो, तो या हिशेबाने. तसे करणे निंद्य आहे. हिशेब मात्र खरा आहे.

दोन्ही वाटांवर रजेच्या काळात बाईला काढून टाकता येत नाही, आजारपणाच्या भत्त्यावर असलेल्यालाही नाही. मालकाने वर्गणी कापून भरलीच नाही आणि त्यामुळे कामगाराची पात्रता बुडाली, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. वाद विमा न्यायालयात जातो आणि तिथे दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तिथेही आधार कशाचा? पगारचिठ्ठी, बँकेत जमा झालेली मजुरी, मोबाइलवर आलेला वर्गणीचा संदेश, नाहीतर स्वतः वहीत लिहिलेल्या तारखा.

कुटुंबातल्या कोणाच्या शुश्रूषेसाठी घेतलेल्या रजेचा यांत कुठेच पैसा नाही. विमाधारकाच्या नवऱ्याला, बायकोला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईबापांना औषधोपचार मिळतात. पण सासूला पक्षाघात झाला म्हणून सून महिनाभर घरी राहिली तर तिची हजेरी आणि मजुरी दोन्ही जातात, आणि गेलेली हजेरी पुढच्या लाभकाळात स्वतःच्या दुखण्यालाही भोवते. बाप झालेल्या खासगी नोकरदारालाही कायद्याने पगारी रजा नाही. कॅनडात यासाठी रोजगार विम्यातच वेगळे लाभ आहेत: अत्यवस्थ मुलाच्या देखभालीसाठी ३५ आठवड्यांपर्यंत, प्रौढ नातलगासाठी १५. पात्रता तिथेही मोजूनच ठरते, आदल्या वर्षातले ६०० तास.

उरतो तो मासेमार, म्हणजे किनाऱ्याचा मूळ रहिवासी. रापण ओढणाऱ्यांत मालक-नोकर नसतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा अशी मासळीची वाटणी होते. पगार नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून लाभकाळ नाही. ट्रॉलरवरचा तांडेल आणि खलाशी पगारावर असले तरी एका नौकेवर दहा माणसे क्वचितच असतात. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या किंवा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यातला कामगार विम्यात येऊ शकतो. ती मासळी पकडणारा येत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५,००० रुपये. बंदीच्या काळासाठी बचत-मदत आहे. मासेमाराने १,५०० घालायचे, सरकार ३,००० घालते. साध्या तापाने पंधरा दिवस होडीवर जाता आले नाही, तर त्या पंधरा दिवसांचे काही नाही.

मासळी विकणारी, सुकवणारी त्याची बायको गरोदर असेल तर तिच्यापुढे तिसरी वाट आहे, प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि एप्रिल २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास ६,००० एकरकमी. इथे हजेरी विचारत नाहीत. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड किंवा वर्षाला आठ लाखांखालचे कुटुंबाचे उत्पन्न, यांपैकी एक पुरावा, गरोदरपणाची नोंदणी, तपासणी आणि बाळाचे लसीकरण एवढे लागते. कायद्याने दुसरीकडून प्रसूती लाभ मिळवणाऱ्या बाईला ही योजना नाही. ७२,८०० आणि ५,००० या दोन रकमांमधले अंतर एकाच वाडीतल्या दोन घरांमध्ये पडलेले असते. एकीचे नाव काजू कारखान्याच्या मस्टरवर आहे, दुसरीचे कशावरच नाही.

मालक नसलेल्याला विम्यात आणता येत नाही, असे मात्र नाही. कॅनडाने १९५७ पासून आपले मच्छीमार रोजगार विम्यात घेतले. तिथे मासळी विकत घेणाऱ्यालाच विम्यापुरता मालक मानतात. वर्गणी तो भरतो, आणि पात्रता तासांऐवजी मासळीतून झालेल्या कमाईवर मोजतात. पाणी गोठलेले असताना तास कुठून भरणार, हे तिथल्या कायद्याने मान्य केले. महाराष्ट्रालाही ही रीत अनोळखी नाही. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचा माल उचलणाऱ्या हमालाला एक मालक नसतो, म्हणून १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळ उभे केले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि व्यापाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही घेऊन त्यातून रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी. सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी विमा महामंडळामार्फत योजना आखण्याची मुभा केंद्र सरकारला दिलेली आहे. मासळीच्या लिलावात ती वापरायची झाली तर वर्गणी बोली जिंकणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यायची, नौकेच्या मालकाकडून की मच्छीमार सहकारी संस्थेकडून, आणि वाट्यावर जगणाऱ्याचा दिवस कशाने मोजायचा, एवढे दोन प्रश्न त्या योजनेला आधी सोडवावे लागतील.